धोंडोपंत फ्रिजमागून हलत नाहीत

प्रश्न : डॉक्टरबाई, स. न. वि. वि.
आम्ही दोघं नवरा-बायको कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. नातू सप्टेंबरात शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना त्याचं कासव आमच्या पदरात टाकून गेला. सुलकाटा जातीचं आहे, वय चार वर्षं, वजन पावणेदोन किलो. आम्ही त्याला धोंडोपंत म्हणतो. दिवाळीपर्यंत स्वारी घरभर फिरायची, स्वयंपाकघरात हिच्या पायात यायची. नोव्हेंबर संपला आणि धोंडोपंत फ्रिजच्या मागे जाऊन बसले. आता अकरा वाजले तरी डोळा उघडत नाही. कोबी-काकडी पुढे केली तर दोन घास. ही म्हणते, थंडीत कासवं झोपतातच, उठवू नका. शेजारी म्हणतात, खोक्यात गवत घालून ठेवून द्या, फेब्रुवारीत उठेल. नातू फोनवर म्हणतो, ‘आजोबा, त्याला चालवा.’ चालवू म्हणजे काय करू? उचलून हॉलमध्ये ठेवलं की चार पावलं टाकतो आणि पुन्हा फ्रिज गाठतो.
— एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आजोबा, तुमच्या घरातल्या थंडीचा अभ्यास सगळ्यात नीट धोंडोपंतांनीच केलाय. फ्रिजच्या मागे हात घालून बघा. तिथे कॉम्प्रेसरची ऊब असते. अख्ख्या फ्लॅटमधली तेवढीच एक गरम जागा त्यांनी हुडकून काढली आणि तुम्ही त्यांना तिथून उचलून गार फरशीवर ठेवताय. चार पावलांत परत जातात, हे शहाणपणच म्हणायचं.

आधी खोक्याचं बघू, कारण त्यात जीव जाऊ शकतो. शीतनिद्रा घेणारी कासवं वेगळी. हर्मन, रशियन या जाती जिथल्या आहेत तिथे हिवाळा कडक असतो, म्हणून त्या झोपतात. सुलकाटा आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिण कडेचं. त्याच्या मुलखात हिवाळी झोप नावाचा प्रकार नाही. त्याला थंडी वाजली की ते झोपत नाही, नुसतं मंदावतं. कासवाला आपलं अंग आतून तापवता येत नाही. बाहेर जेवढी ऊब तेवढंच पोट चालतं. पोटात कोबी आहे आणि अंग गार आहे, अशा अवस्थेत तो कोबी पचत नाही, तिथेच कुजायला लागतो. त्यात प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि छातीत कफ धरतो. तेव्हा वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, या स्वारीला उठवायचं.

आता पुण्याची थंडी. १७ जानेवारी १९३५ ला इथे पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. तेवढं आता होत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे १०-१२ अंश हे नेहमीचंच. आणि दुपारी तेच पुणे २९-३० अंशांवर. त्यामुळे आपण फसतो. दुपारी स्वेटर काढून ठेवतो आणि म्हणतो, कसली थंडी! कासवाचा दिवस मात्र पहाटेपासून मोजावा लागतो. आपल्या घरांना हीटिंग नसतं आणि खाली व्हिट्रिफाइड फरशी. पहाटे पाचला अनवाणी उभे राहून बघा. त्या फरशीला धोंडोपंतांचं पोट रात्रभर टेकलेलं असतं. सकाळी ते अंग गरम व्हायला अकरा वाजतात. चारला ऊन कलतं. म्हणजे त्यांच्या वाट्याला दिवस येतो चार-पाच तासांचा, आणि तेवढ्यात फिरायचं, खायचं, पचवायचं.

त्यामुळे ‘चालवा’ याचा अर्थ एवढाच, की घरात त्याच्यापुरता एक उन्हाळा मांडून द्या. चालेल तो आपला आपण.

नातवाचा दिवाण रिकामा असेलच. सहा बाय तीनचा असतो साधारण. गादी गुंडाळून माळ्यावर टाका, फळीवर जाड ताडपत्री अंथरा आणि चारही बाजूंनी दीड फूट उंचीच्या प्लायच्या पट्ट्या ठोकून घ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मापाने कापून देतात. झाली जागा. गार हवा जमिनीलगत साचते, म्हणून उंचावर असलेलं बरं. काचेचा फिशटँक नको. कासवाला काच कळत नाही, दिवसभर तिच्यावर डोकं आपटत राहतं. ताडपत्रीवर कोकोपीट आणि साधी माती निम्मी-निम्मी, चार इंच. एका कोपऱ्यात मात्र दहा इंच ढीग करा. सुलकाटा बिळं खणणारं जनावर आहे. खणायला मिळालं नाही की ते सोफ्याखाली खणतं आणि फरशीवर नखं घासून पाय फाकवून बसतं.

एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला सावली. उन्हाच्या टोकाला दोन दिवे शेजारी-शेजारी लावा. एकच दिवा लावला तर पाठीचा मधला भाग भाजतो आणि पाय गारच राहतात. खाली शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवा. तो छान तापतो, वर नखंही घासली जातात. त्या फरशीवर, कासवाच्या पाठीच्या उंचीला, ३५ ते ३८ अंश हवेत. सावलीच्या टोकाला २६-२७. अंदाजाने करू नका, दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, दोनशे-तीनशे रुपयांत येतात. रात्री दिवे बंद. रात्रीसाठी सिरॅमिकचा हीटर मिळतो, दिसायला बल्बसारखाच, पण उजेड देत नाही. तो थर्मोस्टॅटवर २४ अंशांना लावून टाका. होल्डर चिनी मातीचाच घ्या, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिळतो, प्लॅस्टिकचा वितळतो. आणि हे सगळं नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने टांगा. खाली वाळलं गवत असतं, विसरू नका. खोलीतला कॉइलचा हीटर नको, विजेवर तापणारे दगड, ‘हॉट रॉक’, तर मुळीच नकोत. पोटाखालची आच कासवाला वेळेत कळत नाही. भाजलेली पोटं मी पाहिली आहेत.

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली तर? शेकायची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून त्याच्या लपायच्या जागेला बाहेरून टेकवून ठेवा. दोन-तीन तास निभावतात.

आता माझी एक चूक सांगते. वीसेक वर्षांपूर्वी एका घरी असंच कासव होतं. मी ऐटीत सांगितलं, शंभरचा पिवळा बल्ब लावा आणि खिडकीशी ठेवा, ऊन मिळेल. त्यांनी इमानेइतबारे तसंच केलं. स्लाइडिंगची काच बंद, आत छान ऊन. चार महिन्यांनी कासव टेबलावर आलं तेव्हा पाठीच्या कडेला अंगठा दाबला आणि ती अर्धवट वाळलेल्या पापडासारखी दबली. काचेतून ऊन येतं, ऊब येते, पण हाडांना लागणारे अतिनील किरण, ज्याला सगळे यूव्हीबी म्हणतात, ते काच अडवते. ते नसले की ड जीवनसत्त्व बनत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. ते कवच घट्ट व्हायला वर्ष गेलं, आणि आकार बिघडला तो बिघडलाच. तेव्हापासून मी पहिलं वाक्य हेच बोलते : काच उघडी की बंद?

म्हणून उबेच्या दिव्यांशिवाय यूव्हीबीची वेगळी नळी लागते. दिवाणाच्या निम्म्या लांबीची, रोज १० ते १२ तास. वर्षाने बदलायची. उजेड देत असते, पण आतला कस संपलेला असतो. महाग आहे, कुरकुर करू नका.

अर्थात फुकटातलं सगळ्यात चांगलं यूव्हीबी तुमच्या बाल्कनीत आहे. इथे जर्मनीतला नातू तुमचा हेवा करील. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन खोलवर येतं. तुमची कुठल्या दिशेला आहे ते लिहिलं नाहीत. दक्षिणेची असेल तर साडेअकरा ते तीन स्वारीला तिथे सोडा. आधी अंग दिव्याखाली गरम झालेलं हवं, आणि एका बाजूला कुंडी आडवी टाकून सावली हवी. ग्रिलच्या खालच्या फटीला पट्टी लावा. तिसऱ्या मजल्यावरून पडलेलं कासव घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा एकच वाक्य म्हणतात : ‘ते इतक्या वेगानं जाईल असं वाटलं नव्हतं.’

आता सकाळ. आठला दिवे लागू द्या. टायमर लावा, म्हणजे तुमची चालायला जायची वेळ चुकणार नाही. एक दिवसाआड साडेनऊला आंघोळ. पसरट टबात कोमट पाणी, हात बुडवल्यावर जेमतेम ऊन लागेल असं, हनुवटीपर्यंत. वीस मिनिटं. पाठीवर लोटीने पाणी घालायची गरज नाही, हा अभिषेक नव्हे. इथे मात्र खुर्ची टाकून बसा. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही. मग मान हळूहळू पुढे येते, नाकासकट तोंड पाण्यात जातं आणि गळ्याखालची कातडी पंपासारखी हलायला लागते. पितोय तो. तोंड वर न काढता दोन-दोन मिनिटं पितात. त्यानंतर बहुधा मागच्या बाजूने पांढरं काही तरी बाहेर पडतं, भिजलेल्या रांगोळीसारखं. वहिनी घाबरतील, ते लघवीतले क्षार आहेत. मऊ लगदा असेल तर सगळं ठीक. बोटात धरल्यावर वाळूसारखं किरकिर लागलं तर पाणी कमी पडतंय. थंडीत कोरड्या हवेत आणि दिव्याखाली हे हमखास होतं. मग आंघोळ एक दिवसाआड न करता रोज करा. कोरडेपणानेच वाढत्या कासवाच्या पाठीवर उंचवटे येतात, एकेका खवल्याचा डोंगर होतो. फुटक्या माठाचा अर्धा भाग उपडा घालून लपण करा आणि त्यातलं कोकोपीट ओलसर ठेवा. ओलं आणि गार एकत्र नको, ओलं आणि उबदार हवं.

आंघोळीनंतर पुसून अर्धा तास दिव्याखाली. मग खाणं, आणि ‘चालवा’चं उत्तर याच खाण्यात आहे. ताटलीत वाढू नका. रानात कासवाला ताट वाढून ठेवलेलं नसतं. घासभर इथे, घासभर तिथे करत ते दिवस काढतं. तुम्हीही सात-आठ ठिकाणी पसरा, सगळं दिव्याच्या उलट टोकाला. जास्वंदीचं लाल फूल सगळ्यात लांब. लाल-पिवळ्याकडे ती हमखास वळतात. वहिनींची लाल नेलपॉलिश असेल तर पायाची बोटं सांभाळा. शेवग्याच्या पाल्याची जुडी कपड्याच्या चिमट्याने फळीला लटकवा, म्हणजे मान ताणून ओढावं लागेल. मध्ये एक आडवी वीट, एक पसरट दगड. दर रविवारी हे सगळं हलवा. वाट बदललेली दिसली की ते आधी थबकतं, मग वास घेत घेत पुन्हा सगळा मुलूख मोजून काढतं. एका विटेची जागा बदलल्यावर तासभर फिरलेलं कासव मी पाहिलंय, तेही जे ‘हलतच नाही’ म्हणून माझ्याकडे आलं होतं. वीट चार इंचांहून उंच नको, चढताना उलटं पडेल. पडलंच तर सरळ करा.

कोबी-काकडी बंद. सुलकाटा म्हणजे छोटी गाय समजा. तीन-चतुर्थांश पोट गवताने भरलं पाहिजे. हरळी, वाळलं गवत, जास्वंदीचा आणि तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. संकष्टीला मंडईतून दूर्वा जास्त आणाव्यात, गणपतीच्या २१ वेगळ्या काढून बाकीच्या धोंडोपंतांना. मात्र धुऊन. देवळातले हार, शेवंती नको. त्यावर औषधं मारलेली असतात. लसूणघास ती हावऱ्यासारखी खातात, पण प्रथिनं फार, म्हणून चिमूटभर. पालक, चाकवत नेहमी नको. पोळी, दूध, भात, डाळ काही नाही. संक्रांत येतेय म्हणून आधीच सांगते : तिळगूळही नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवा, हवं तेव्हा कुरतडेल.

अंग गरम झाल्याशिवाय भरवू नका, तोंड उघडून तर नाहीच. मांडणी केल्यावर आठ-दहा दिवसांत भूक उघडायला हवी. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. तुम्ही बँकेतले नसाल तरी खातं नीट ठेवा. दीड-पावणेदोनशे ग्रॅम घटलं, नाकातून बुडबुडे आले, तोंड उघडून मान ताणून श्वास घेतोय असं दिसलं, डोळे सुजले, तर त्याच दिवशी दाखवा. हे सर्दीसारखं दिसतं, पण न्यूमोनिया असू शकतो, आणि कासवाला खोकून कफ काढता येत नाही.

नातवाला दोन गोष्टी विचारा. एक, कागद. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स या, दुर्मीळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीतले परदेशी प्राणी घरी असतील तर त्यांची सरकारकडे नोंद लागते. नियम २०२४ मध्ये आले, काम ‘परिवेश’ पोर्टलवर होतं. सुलकाटा त्या यादीत आहे. दुसरी गोष्ट त्याला दुकानदाराने सांगितली नसणार : हे कासव चाळीस-पन्नास किलोंचं होतं आणि पन्नास-साठ वर्षं सहज जगतं. दिवाण फार तर दोन-तीन हिवाळे पुरेल.

---

प्रश्न : वास्तूसाठी म्हणून घेतलेलं पाण्यातलं हिरवं कासव काचेच्या बोलमध्ये आहे. थंडीत खात नाही. त्यालाही दिवा लावू का? नाही तर खडकवासल्याला सोडून द्यावं म्हणते.
— सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, कानाशी लाल पट्टा असेल तर ते रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतलं. खडकवासल्यात, मुठेत, पाषाण तलावात, कुठेही सोडायचं नाही. ते तिथे तगतं आणि आपल्याकडच्या कासवांचं अन्न नि ऊन खायच्या जागा बळकावतं. बोल काढून टाका, कमीत कमी तीन फुटी टाकी घ्या. पाण्यात गार्ड असलेला हीटर, २५-२६ अंश. वर चढून पूर्ण कोरडं होता येईल असा दगड, त्यावर दिवा आणि यूव्हीबी. भूक आपोआप येईल. वास्तूचं मला विचारू नका, पण बोलमध्ये गारठलेल्या जिवाने घरात बरकत येत असेल असं मला तरी वाटत नाही.

---

प्रश्न : ओळखीतल्या एकांनी पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं छोटं कासव भेट दिलंय. हिवाळ्यात त्याची काय काळजी घेऊ?
— नाव देऊ नये

उत्तर : नाव दिलं नाहीत ते शहाणपणाचं केलंत. ते भारतीय तारा कासव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळणं, विकणं, भेट देणंही गुन्हा आहे. २०१९ मध्ये साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात गेल्यापासून परदेशी व्यापारही बंद. पुठ्ठ्याच्या खोक्यात, उबेला ठेवा आणि आजच वनविभागाच्या १९२६ या नंबरावर फोन करा. टेकडीवर नेऊन सोडू नका, ते कुठल्या रानातलं आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. भेट देणाऱ्यांनाही हे उत्तर वाचायला द्या.

---

प्रश्न : माझ्या मावशीकडे कासव आहे. त्याच्या पाठीवर ऑइल पेंटने नक्षी काढू का? आणि आजी म्हणते कासवाची आई पिल्लांना नुसतं बघून मोठं करते. खरं आहे का?
— इयत्ता चौथी, सदाशिव पेठ

उत्तर : नको रे. पाठ म्हणजे त्याचं हाड आहे, वरून नखासारखा थर. हात लावलेला त्याला कळतो. रंगाने ऊन अडतं आणि रंगातलं रसायन आत जातं.

आजी म्हणते ते संतांनी फार गोड सांगितलंय, देवाच्या मायेसाठी. खरी कासवीण मात्र खड्ड्यात अंडी घालते, माती ओढते आणि निघून जाते. पिल्लं अंड्यातून आली की आपलं आपण बघतात. आजीशी यावरून भांडू नकोस.

चित्रच काढायचं असेल तर असं कर. दुपारी मावशीच्या बाल्कनीत कासव उन्हात असेल तेव्हा खडू घे आणि दहा मिनिटं ते जिथे जिथे जाईल तिथे त्याच्या मागोमाग फरशीवर रेघ ओढत जा. मग विटेची जागा बदल आणि दुसऱ्या रंगाने पुन्हा. दोन्ही रेघांचा फोटो मला पाठव.